वेखंडाची खोली

बारा मार्च. कोठारामागच्या दोन खोल्यांत जीव चार: भाऊ, वहिनी, त्यांचे रांगते बाळ आणि भुकटीताई. कोठारातल्या चवळीच्या बियाण्यावर विसंबलेली घरे अठ्ठावीस. त्या घरांतले जीव एकशे एकोणचाळीस. पिंपांच्या आतले जीव कोणी मोजले नाहीत, आणि ते मोजण्यासारखे राहिलेही नव्हते.

त्या सकाळी भावाने पहिल्या पिंपाच्या झाकणाभोवतीची वाळलेली माती खुरप्याने फोडली, झाकण उचलले आणि तो तसाच उभा राहिला. चवळी असायला हवी होती तिथे तपकिरी भुगा होता, आणि तो भुगा हलत होता. काठावरून बाहेर पडलेले भुंगे त्याच्या मनगटावर चढू लागले तेव्हा कुठे तो भानावर आला. त्याने मूठभर दाणे उचलले. प्रत्येक दाण्याला दोन-दोन, तीन-तीन भोके; बोटांत दाबला की आत पोकळ. त्याने दुसरे पिंप उघडले, मग तिसरे. तिसऱ्यात किड्यांच्या उष्म्याने ओल धरून तळचे दाणे सडले होते. झाकण निघताच त्याचा दर्प कोठारभर पसरला आणि भावाने बाही नाकावर दाबली.

"ताई," त्याने मागच्या दाराकडे वळून हाक मारली, "जरा इकडे ये."

भुकटीताई आली आणि पिंपावर वाकली. ती मागे सरली ती भुंगे पाहून, दर्पाने नव्हे. हा फरक आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असे तिला तोवर वाटत होते.

भुकटीताई हे नाव वस्तीने दिलेले. नवऱ्यामागे ती धाकट्या भावाच्या आश्रयाला आली, त्या वेळी भावाला स्वतःलाच धड आश्रय नव्हता. तो मिळेल तिथे पोती उतरवत होता आणि मिळेल तिथे झोपत होता. कोठारातल्या धान्याला लागणारी वेखंडाची भुकटी करणारी म्हातारी त्याच सुमारास काम सोडून बसली होती. ती का थांबली, हे कोणी विचारले नाही. शेवटच्या काही वर्षांत ती येणाऱ्याजाणाऱ्याला डबा उघडून दाखवी आणि विचारी, "दरवळतोय ना?" म्हातारीला आपल्या कामाचा भारी तोरा, असे म्हणून लोक हसत. पुढे तिच्या जागी कोणाला घ्यावे हे ठरवायला कोठाराच्या कारभाऱ्याने वेखंडाच्या पाच पुड्या मांडल्या. ओल लागलेली कोणती, जुनी कोणती, राख मिसळलेली कोणती, हे डोळे मिटून अचूक सांगणारी ती एकटीच निघाली. तिच्या नाकावर बेहद्द खूश होऊन कारभाऱ्याने भावाला राखणदारी दिली आणि कोठारामागच्या दोन खोल्या राहायला दिल्या. नोकरी भावाची, खोल्या भावाच्या ताब्यात, आणि दोन्हींचा आधार बहिणीचे नाक. कोठारातले धान्य जोवर टिकेल तोवर खोल्या, अशी अट होती. ती कोणी कधी मोठ्याने उच्चारली नाही, कारण उच्चारण्याची वेळच आली नव्हती.

वस्तीची कामाची रीत अशी. मक्याला कडुनिंबाच्या पाल्याची भुकटी पुरते. चवळीचा भुंगा मात्र कडूपणाला जुमानत नाही, त्याला वेखंडच लागते. ओढ्याकाठच्या चिखलातून काढलेली वेखंडाची मुळी वाळवायची, उखळात कुटायची, जात्यावर दळायची, कापडातून गाळायची. मग दाण्यांचा एक थर, त्यावर भुकटीचा एक थर, असे करत पिंप भरायचे, झाकण लावून कडेने ओली माती लिंपायची आणि पेरणीच्या तोंडापर्यंत त्याला हात लावायचा नाही. मध्येच झाकण उघडणे म्हणजे भुकटीचा दम घालवणे. आत बरे चालले आहे की वाईट, हे त्यामुळे एकदमच कळे, आणि कळे तेव्हा काही करण्यासारखे उरत नसे. मुळी जुनी असो की नवी, दिसायला सारखीच. दळल्यावर तर बघायलाच नको. तिच्यात दम आहे की गेला, हे सांगणारे वस्तीत एकच साधन होते.

दळण्याची खोली कोठाराच्या कुशीत होती. तिला दार होते, खिडकी नव्हती. बांधतानाच ती तशी बांधली होती, कारण वारा आला की भुकटी उडते आणि वासही वाया जातो. दार लावून ताई आत बसे. छतातल्या एका फटीतून पट्टीएवढा उजेड उतरे आणि त्या उजेडात भुकटी तरंगताना दिसे. संध्याकाळी ती बाहेर येई तेव्हा तिच्या भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या पिवळट झालेल्या असत. भाऊ म्हणे, "आली बघा मूर्ती, आता फक्त चौथरा बांधायचा राहिलाय." ती हसे, आणि हसताना खोकत असे.

तिच्या नाकाची गोष्ट वस्तीत कौतुकाने सांगितली जाई. बाहेरून पाहुणा आला की त्याला मुद्दाम कोठारात आणत आणि ताईला एखादा डबा हुंगायला लावत. सगळे म्हणत, ही अंगची देणगी आहे. हा शब्द वरवर आदराचा वाटतो. पण ज्या श्रमाचा लाभ सर्वांना होतो आणि झीज एकाच शरीराला सोसावी लागते, त्या श्रमाला देणगी म्हटले की एक मोठी सोय होते: देणगी मुळातच तिच्याजवळ होती, आपण तिच्याकडून काही घेतले नाही, तेव्हा परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वस्तीतली माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी हा विचार केला नव्हता, एवढेच. आणि ज्याची इतकी वाहवा होते त्या माणसाला आपली तक्रार कुठून सुरू करावी हेच कळत नाही.

वास एकदम गेला नाही. आधी फुले मुकी झाली. तिला वाटले, यंदा फुलांनाच जोर नाही. मग एकदा चुलीपाशी बसलेली असतानाच दूध करपून काळे झाले आणि परसातून धावत आलेल्या वहिनीने पातेले उतरवले. "वन्सं, कुठल्या तंद्रीत होता?" वहिनीने विचारले, आणि ताईने खरोखरच तंद्री लागली होती असा चेहरा केला. पुढे, अगदी अलीकडे, वहिनीला बाळ झाले. शेजारणी येत, बाळाच्या टाळूला नाक लावत आणि डोळे मिटून घेत. ताईनेही त्याला उचलले, टाळूवर नाक टेकवले, खोल श्वास घेतला. तिला मऊ केस लागले, ऊब लागली, त्याच्या श्वासाची लय लागली. बाकी काही नाही. भिंतीला नाक लावावे तसे. तिने दुसऱ्यांदा श्वास घेतला. मग तिने बाळाला वहिनीच्या मांडीवर ठेवले आणि पाणी प्यायचे निमित्त करून ती आत गेली.

बाळाच्या कितीतरी आधी ती एकदा दवाखान्यात जाऊन आली होती. घरी सांगितले, पाठ दुखते. डॉक्टरीणबाईंनी नाकात दिवा धरून पाहिले आणि स्पष्टच सांगितले की आतले अस्तर वर्षानुवर्षांच्या भुकटीने जळून गेले आहे, ते आता भरून येणार नाही. त्यांनी विचारले, "काम करता त्या खोलीला खिडकी केवढी आहे?" ताईला हसू आले. खिडकी केवढी, असे विचारणारी बाई तिला पहिल्यांदाच भेटत होती.

त्या दिवशी परत येताना तिला जुन्या म्हातारीचे "दरवळतोय ना?" आठवले आणि ती वाटेतच थांबली. म्हातारी तोरा मिरवत नव्हती. दुसऱ्यांची नाके वापरत होती. पण म्हातारी एकटी होती. काम सोडल्यावर तिची तीच उघड्यावर पडली. ताईच्या मागे भाऊ आणि वहिनी होते.

तेव्हा तिने दुसरा मार्ग काढला. वास गेला तरी झोंब शिल्लक होती. ताज्या वेखंडाची चिमूट नाकाशी धरली की आत काहीतरी टोचे, डोळ्यांत पाणी येई आणि शिंक येई. जुनी असली तर नाकाला काही होत नसे. शिंका हेच तिचे माप झाले. शिंक आली की ती म्हणे, "आहे दम." लोकांना त्यात काही नवे दिसले नाही, वेखंड हुंगल्यावर कोणीही शिंकतेच. पण कारभारी दारात उभा असला की शिंक येईपर्यंतचा तो क्षण तिचा जीव टांगणीला लावी. चार-पाच हंगाम असे निभावले.

गेल्या हंगामात मुळीवाला उशिरा आला. ओढ्याकाठी हिंडून वेखंड काढणारा हा एकांडा माणूस; सगळे आयुष्य चिखलात उभे राहून काढलेले. वस्त्या-वस्त्यांच्या कोठारांना मुळी पुरवणे हाच त्याचा धंदा, दुसरे काही त्याला येत नसे. त्याने पाठीवरची मोट उतरवली ती नेहमीच्या निम्मीसुद्धा नव्हती.

"ओढा आटलाय," तो म्हणाला. "मुळीसुद्धा माझ्यासारखीच झालीय, हाडं तेवढी उरलीत."

ताईने त्याला पाणी दिले आणि म्हणाली, पेटीत तीन हंगामांपूर्वीची मुळी पडून आहे, तीही त्यानेच आणलेली. तिची भर घालू म्हणजे भागेल. त्याने भांडे तोंडापासून दूर केले.

"ताई, जुनी आहे ती. नाक लावून बघ, मगच घाल."

"नाक लावल्याशिवाय मी काही घालते का?"

हे ती सहज बोलून गेली, आणि मुळीवाला पाठमोरा झाल्यावर पायरीवर बसून राहिली.

तरी तिने कसूर केली नाही. पेटीतली मुळी वेगळी कुटली, उखळातली चिमूट नाकाशी नेली, आणि एकामागून एक अशा शिंका आल्या की डोळे वाहू लागले. गेल्या कित्येक हंगामांत एवढी झोंब तिला लागली नव्हती. तिला इतके हायसे वाटले की त्या आनंदात तिने स्वतःला विचारलेही नाही, जुन्या मुळीत एवढा दम कुठून आला. जुनी-नवी भुकटी एकत्र झाली, पिंपे भरली गेली, झाकणांवर माती चढली.

आणि आता पिंपे उघडली होती.

दुपारपर्यंत बातमी घरोघरी गेली. कारभारी आला, खांद्यावरचा रुमाल नाकाला लावून एकेका पिंपात डोकावला. मग त्याने जे सांगितले ते रीतसर होते. भुकटी ताईच्या हातची, ताईचे नाक आजवर चुकलेले नाही, म्हणजे खोट मुळीतच असली पाहिजे. मुळीवाल्याने वरवर चांगली दाखवून खाली भलतीच मुळी भरली असणार. त्याला उद्या बोलावून घ्यावे आणि सगळ्यांसमोर जाब विचारावा. आणि आसपासच्या सर्व कोठारांना कळवावे की या माणसाकडून यापुढे कोणी काडीही घेऊ नये. ते ऐकताना जमलेल्या लोकांच्या माना डोलत होत्या. नासलेल्या बियाण्यापुढे उभ्या असलेल्या माणसांना आधी कारण हवे असते, आणि हे कारण वस्तीबाहेरचे होते, हलके होते, कोणाच्याही घरातले नव्हते.

ताईने सगळे ऐकले. तिची कीर्ती हाच त्या माणसाच्या गळ्यातला फास झाला होता. कारभारी जाताना तिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडे बोट दाखवायची कोणाची हिंमत आहे?"

ती दळण्याच्या खोलीत जाऊन बसली. दळायला काही नव्हते. थोड्या वेळाने दार किलकिले झाले आणि वहिनी आत आली. तिने दार मागे लोटून घेतले आणि बाळाला कडेवरून खाली न सोडता ती उखळाशेजारी टेकली.

"वन्सं, एक सांगायचंय. आधी ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला."

"सांग."

"तुम्ही जुनी मुळी कुटलीत ना, त्याच्या आदल्या दिवशी मी या उखळात मिरच्या कुटल्या होत्या. बाळ नुकतंच निजलं होतं. इथे दार लावलं की आवाज बाहेर जात नाही. पुसलं होतं मी उखळ, चांगलं पुसलं होतं. धुतलं नव्हतं."

ताई उखळाकडे पाहत राहिली. दगडाच्या बारीक भोकांत अजूनही कुठे कुठे लालसर कण होते; इतके दिवस ते तिच्या नजरेसमोर होते.

"म्हणजे त्या शिंका मिरचीच्या," ती म्हणाली.

"कसल्या शिंका?"

मग ताईने सांगितले. आजवर कोणालाही न सांगितलेले तिने चार-पाच वाक्यांत सांगितले, आणि वहिनीच्या तोंडाकडे पाहिले. वहिनीला आश्चर्य वाटले नव्हते.

"वास येत नाही ते माहीत आहे मला. बाळ झाल्यापासून. घाणेरड्या दुपट्यांचा ढीग उचलताना कोणी गाणं गुणगुणतं का, वन्सं?" वहिनी हसायला गेली, पण ते जमले नाही. "शिंकांवर चाललंय हे मात्र नव्हतं माहीत. मला वाटलं, डोळ्यांनी ओळखत असाल, हाताने ओळखत असाल. विचारायचं धाडस नाही झालं. विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं."

एका छपराखाली दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत आल्या होत्या, आणि दोघींचे कारणही एकच होते: या दोन खोल्या. ताईला एकाएकी दमल्यासारखे झाले.

वहिनीने मग हळू आवाजात विनवायला सुरुवात केली. तिचे म्हणणे साधे होते आणि ते तिने फिरवून फिरवून सांगितले. खोल्या गेल्या तर जायचे कुठे? भावाची पाठ आता पोती पेलणार नाही. बाळ पुरते चालायला लागलेले नाही. काही न बोलता दोन दिवस काढले तर सगळे निवळेल.

"मुळीवाला एकटा आहे," ती म्हणाली. "त्याच्यामागे ना बाई ना पोर. आपण चौघं आहोत."

"एकटा आहे म्हणूनच त्याच्यावर ढकलणं एवढं सोपं जातंय, वहिनी."

"मग आपल्यावर ढकला. तुम्हाला काय, तुम्ही मोकळ्या व्हाल."

या शब्दांनी ताई दुखावली नाही. ती विचारात पडली. मोकळी? आपण गप्प राहिलो तर काय होईल, हे तिला स्वच्छ दिसत होते. पुढच्या हंगामात ती पुन्हा याच खोलीत बसेल, दार लावून, नाकाशी चिमूट धरून शिंकेची वाट पाहत. त्याच्या पुढच्या हंगामातही. फक्त तेव्हा मुळीवाल्याची वाट बंद झालेली असेल आणि ती बंद करणारी आपण असू. आपण बोललो तर चौघे बाहेर. खोलीत राहणे हीच शिक्षा आणि खोली जाणे हीसुद्धा शिक्षाच, अशा जागी ती येऊन पोचली होती, आणि तिथे तिला एकाएकी कोणी आणले नव्हते. एकेका शिंकेने ती स्वतः चालत आली होती.

बाळाने हात पुढे करून तिच्या बाहीवरची भुकटी चिमटीत धरली आणि ती चिमूट तोंडाकडे नेली. दोघींनी एकदमच त्याचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी कोठारात माणसे दाटीवाटीने जमली. नासलेली पिंपे मुळीवाल्याला दाखवायची म्हणून मुद्दाम उघडी ठेवली होती. मुळीवाला दारापाशी उभा होता, पायांना ओला चिखल तसाच.

"ही मुळी तुझीच ना?" कारभाऱ्याने विचारले.

"माझीच."

"ताईने पारखून घेतली होती. तरी हे असं झालं. मग तूच सांग, काय समजायचं?"

मुळीवाल्याला जुन्या पेटीचे ठाऊक होते. तो ते बोलू शकत होता. त्याने गर्दीत ताईला शोधले, ती तिसऱ्या पिंपाशी उभी दिसली, आणि तो एवढेच म्हणाला, "ताईला विचारा."

ताईने आदल्या दिवसापासून वाक्ये जुळवून ठेवली होती. त्यांतले एकही आठवले नाही.

"मुळी चांगली होती," ती म्हणाली. "कमी पडली म्हणून पेटीतली जुनी मी मिसळली. जुनीचा दम गेलेला होता आणि ते मला कळलं नाही. मला वास येत नाही. काही वर्षं झाली. शिंक आली की दम आहे असं धरत होते, आणि या वेळी उखळात मिरचीचा अंश राहिला होता."

कोणीतरी हसले. मागून एक आवाज आला की ताईंना मुळीवाल्याचा कळवळा आलेला दिसतो. भावाने मान खाली घातली होती, ती वर न उचलता तो म्हणाला, "ताई, घरी चल." कारभारी मात्र हसला नाही. तो समजुतीच्या सुरात बोलला, आणि ती समजूत ताईला हसण्यापेक्षा जड गेली.

"ताई, तुमचं मन मोठं आहे. पण दुसऱ्याचं पाप असं अंगावर घेऊ नये. वास येतो हे दाखवता येतं. येत नाही, हे तुम्ही कसं दाखवणार? उद्या मीही म्हणेन, मला ऐकू येत नाही."

त्याचे म्हणणे तर्काला धरून होते. खरे बोलल्यावर सुटका नाही तरी शेवट होईल, एवढी तिची अपेक्षा होती; आणि आता दार आतूनच नव्हे, बाहेरूनही लावलेले आहे असे तिला वाटले. वस्तीला तिचे नाक हवे होते. ते गेले आहे हे ऐकायला कोणी तयार नव्हते.

तेवढ्यात वहिनी बाळाला घेऊन गर्दीतून पुढे आली.

"दाखवायचं कशाला? दिसतंय की. इथे एकूण एक माणसाने नाकाला कापड लावलंय. कारभारी, तुम्ही रुमालातूनच बोलताय. माझ्या बाळाच्या तोंडावरसुद्धा फडकं आहे. आमच्या वन्संच्या तोंडावर काही आहे का, ते बघा. सडलेल्या पिंपाला टेकून उभ्या आहेत त्या, मघापासून." आणि थांबून ती म्हणाली, "मिरच्या मी कुटल्या होत्या."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. ताईने स्वतःही तेव्हाच आजूबाजूला पाहिले. रुमाल, बाह्या, ओंजळी, कापडे; साऱ्या कोठारात उघडा चेहरा तिचा एकटीचा होता. तिने चटकन हात वर नेला आणि अर्ध्यावरच थांबवला. आता झाकून काय उपयोग.

यानंतर जे झाले ते सावकाश झाले, आणि त्याला न्याय म्हणावे की सोय, हे वाचणाऱ्याने ठरवावे. कारभाऱ्याने मुळीवाल्याकडे पाहून "खुलासा झाला, बरं झालं" असे म्हटले आणि विषय मिटवला. मुळीवाल्याने मान हलवली. जाता जाता तो ताईपाशी थांबला आणि म्हणाला, ओढ्याला पाणी आलं की पहिली मोट इथेच आणीन. शेजारच्या वस्तीकडून मक्याच्या बदल्यात चवळीचे बियाणे घ्यायचे ठरले. खोल्यांचा प्रश्नही निघाला. राखणदार बदलायला कोणाची हरकत नव्हती. पण नव्या राखणदाराच्या घरचे कोणीतरी त्या बंद खोलीत बसून वेखंड दळणार, हेही त्यात आलेच. अठ्ठावीस घरांत विचारणा झाली. कोणाच्या घरात दमेकरी निघाला, कोणाच्या घरात लेकुरवाळी निघाली, कोणी नुसत्याच काखा वर केल्या. तेव्हा कारभाऱ्याने पुन्हा एकदा पाच पुड्या मांडल्या आणि या वेळी वहिनीला डोळे मिटायला सांगितले. तिने पाचही अचूक ओळखल्या. ही तर घराण्यातच देणगी दिसते, असे कोणीतरी म्हणाले आणि लोक मनापासून हसले. वहिनी त्या घराण्यात परक्या घरून आलेली होती, हे त्या भरात कोणाच्या लक्षात आले नाही.

ताई हसली नाही. ती पुढे झाली आणि म्हणाली, "आधी खिडकी पाडा. मग तिला आत बसवा."

कारभाऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतले. त्याने वाऱ्याचे सांगितले, भुकटी उडण्याचे सांगितले, भिंत जुनी असल्याचे सांगितले. मग तो म्हणाला, "पुढच्या हंगामात बघू." ताईने विचारले, "कोणत्या?" त्यावर तो म्हणाला, "पुढच्या."

आता दळायला दोघी बसतात. ताई कुटते, वहिनी हुंगते. वहिनीच्या नाकावर ताईने ओल्या कापडाची घडी बांधून दिली आहे. हुंगायच्या वेळी ती सोडावी लागते. दार आतून लावलेले असते, कारण वारा आला की भुकटी उडते. बाळ बाहेर दारावर थापा मारते. अधूनमधून वहिनी सहज म्हणून विचारते, "वन्सं, आज जरा कमी येतोय का हो वास?" आणि मग तिचे तिलाच आठवून ती जीभ चावते. ताई दर वेळी हातातले मुसळ खाली ठेवते आणि तिला बाहेर उजेडात नेऊन बसवते. पहिल्यांदा असे झाले तेव्हा कारभाऱ्याने विचारले, काम का थांबले. ताईने खोलीच्या भिंतीकडे बोट दाखवले.

शेजारच्या वस्तीचे बियाणे मक्याने फिटले. मुळीवाल्याची माफी कोणी मागितलेली नाही. खिडकी झालेली नाही. भुकटीताईचा वास घेण्याचा जो अवयव अठ्ठावीस घरांच्या बियाण्यापायी जळाला, त्याचे देणे कोणाकडे निघते हे ठरलेले नाही, आणि ते फेडायचे बाकी आहे.